वाढवलेलं वर्ष

आई गेल्यानंतर चार महिन्यांनी मी तिच्या टेबलापाशी जाऊन बसले, ते तिचं काम पुढं चालवावं म्हणून नव्हे. वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंचा फोन आला होता. मागच्या खोलीच्या दारावर आईची पाटी अजून तशीच होती: ‘शनिवारी सकाळी दहा ते एक. मुलांच्या शाळेबद्दल काहीही विचारा.’ ती काढायची का, असं त्या विचारत होत्या. मी म्हटलं, महिनाभर राहू द्या. शनिवारी मी येऊन बसते, कोणी आलंच तर सांगते की आता इथं कोणी बसत नाही.

खोली लहान. एका भिंतीला घडीची शिडी टेकवलेली, दुसऱ्या भिंतीशी फाटकी पुस्तकं डिंक वाळेपर्यंत वजनाखाली दाबून ठेवलेली. मधे टेबल. टेबलाच्या अलीकडे तीन खुर्च्या, पलीकडे एक, आईची. मी अलीकडे बसले.

आम्ही या देशात आलो तेव्हा मी आठ वर्षांची होते. शाळेत आईला बोलावलं की ती जायची, बाई जे काही म्हणतील त्याला हसून मान डोलवायची, दिसेल तिथं सही करायची आणि घरी येताना मला विचारायची, “मी कशाला हो म्हटलं गं?” मलाही ते ठाऊक नसायचं. पुढं भाषा आल्यावर तिनं हे टेबल मागून घेतलं. आठवडाभर कपडे उसवून-शिवून द्यायच्या दुकानात काम आणि शनिवारी इथं, सव्वीस वर्षं. नव्यानं आलेले आई-बाप शाळेचे कागद घेऊन यायचे. मी कधी तिच्याबरोबर बसले नाही. मी प्रकाशकाकडे पुस्तकं तपासते, छापायच्या आधी लेखकांच्या चुका काढते. त्या कामात समोर माणूस नसतो, हे मला बरं पडतं.

पहिले दोन शनिवार कोणी आलं नाही. तिसऱ्या शनिवारी एक जोडपं आलं, बरोबर पिवळ्या स्वेटरमधली मुलगी.

“काकू नाहीत?” बाईनं दारातूनच विचारलं.

“काकू गेल्या. चार महिने झाले. मी त्यांची मुलगी.”

“अगं बाई,” ती म्हणाली आणि दाराची कडी धरून उभीच राहिली.

नवरा हळूच म्हणाला, “मग निघू आपण. उगाच त्यांना त्रास.”

“निघू काय? दोन बस बदलून आलोय. बसा.”

“अगं, पण त्या घरच्या दुःखात...”

“बसा म्हटलं ना.”

तो बसला, तो थेट आईच्या खुर्चीत. त्याला काय माहीत. मग ‘इथं आता कोणी बसत नाही’ हे सांगायचं राहूनच गेलं.

आई माणसांना त्यांच्या कामानं ओळखायची. हा हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायचा. नुसती इस्त्री नाही, अख्खी चादर एका टोकानं आत जाते आणि दुसऱ्या टोकानं कडक होऊन बाहेर येते अशा मोठ्या यंत्रावर. ती बेकरीत भट्टीत पाव भरायची, पहाटे चारला जायची. मुलीला दोघंही ठमी म्हणत होते. ठमी आल्या आल्या टेबलाखाली शिरली. आईनं मुलांसाठी ठेवलेला रंगीत खडूंचा डबा तिथं होता, तो तिला बरोबर सापडला.

लाँड्रीवाल्यानं खिशातून शाळेचं पत्र काढलं. चार घड्या घातलेलं, पण घड्या अशा की जणू त्याही यंत्रातून काढल्यात. मी वाचलं. मुलगी वर्गाच्या मानानं फार मागे आहे. तपासणी झालेली आहे. गावाच्या दुसऱ्या टोकाला मंदगती मुलांसाठी वेगळी शाळा आहे, न्यायला-आणायला बस येते. गुरुवारी साडेदहाला बैठक, दोन्ही पालकांनी यावं आणि संमतिपत्रावर सही करावी.

“सही करायचीच आहे,” तो म्हणाला. “फक्त कुठं करायची तेवढं दाखवा. मागच्या वेळी मी भलत्याच रकान्यात केली, तर लेक पोहण्याच्या वर्गाला लागली.”

“आणि नाकातोंडात पाणी घेऊन आली,” बेकरीवाली म्हणाली. “ताई, माझी पोर मंद नाहीये हो.”

“तू गप. मास्तर लोकांना आपण काय शिकवणार? शिकलेली माणसं आहेत ती.”

“शिकलेल्यांनी पोरीला रडवलं तरी गप्पच बसायचं का?”

मला पुढं काय करायचं ते सुचेना. मग आई काय करायची ते आठवलं. ती कागद वाचून झाला की टेबलावर उलटा करून ठेवायची आणि चार प्रश्न विचारायची. घरी जेवताना ती ते इतक्यांदा सांगायची की मी कान बंद करून घ्यायची. तरी ते आत गेले होते. मी पत्र उलटं ठेवलं.

“जेवते का?”

“जेवते,” बेकरीवाली म्हणाली. “पण अजून भरवावं लागतं. स्वतःच्या हातानं निम्मं खाली.”

“झोपते का?”

“शाळेतून आली की बुटासकट. बूट मीच काढते. सकाळी घालायचेही मीच. तिला नाडी बांधता येत नाही म्हणून पण त्यांनी लिहून पाठवलं होतं. नाडीवरून पत्र! आमच्याकडं पोरं अनवाणी एम. ए. झाली.”

“हसते का?”

“घरी? घरी विचारू नका. शेजारचे भिंतीवर ठोकतात इतकी खिदळते. शाळेत तोंड उघडत नाही.”

“खेळते कोणाशी?”

“खालच्या मजल्यावर एक आहे, बालवाडीतली. दोघींचं गूळपीठ. तिच्याशी घर घर खेळते, तिला हुकूम सोडते. वर्गातल्या मुली हिला घेत नाहीत. त्या घोड्यासारख्या, ही त्यांच्या कमरेला लागते.”

तेवढ्यात ठमी टेबलाखालून बाहेर आली. तिच्या तळहातावर तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी होतं आणि हनुवटीवर थोडं रक्त.

“पडला!” ती म्हणाली.

“अगं, पडला का!” बेकरीवालीनं पदर नव्हता म्हणून ओढणीनंच तिचं तोंड पुसलं. “पहिला हो, ताई. मंगळवारपासून हलत होता. बोट घालून घालून पाडला बघा.”

चुका काढण्याच्या कामात एक सवय लागते. वाक्य सगळं बरोबर असतं, पण त्यातला एक आकडा मागच्या पानाशी जुळत नाही, आणि तो डोळ्यांत खुपतो. मी पत्र पुन्हा सुलटं केलं. त्यात तिचं वय होतं, सात वर्षं नऊ महिने. पहिला दात तर सहाव्या वर्षाच्या आसपास पडतो.

“पहिलाच दात?” मी विचारलं. “ठमीचा जन्म कधीचा?”

“एक जून,” लाँड्रीवाला म्हणाला. फार भरकन म्हणाला, आणि सालही सांगून टाकलं. बेकरीवाली पर्सची चेन उघडू-मिटू लागली.

एक जून ऐकलं आणि मला हसूच आलं. चार महिन्यांत मी इतकी मोठ्यानं हसले नव्हते. माझे वडील कागदावर एक जूनचे. दोघे काका एक जूनचे. आईचे मामा एक जूनचे. शाळा जूनमध्ये उघडायची, मूल दारात उभं, जन्माची नोंद कुठं नाही, मास्तर दप्तरात एक जून लिहून मोकळे. पोर वर्षानं मोठं दाखवलं की त्याच वर्षी पहिलीत बसायचं. या देशातल्या मुख्याध्यापिकेला एक जून ही दुसऱ्या कुठल्याही तारखेसारखी तारीख. आम्हाला मात्र ती ऐकली की मास्तर दिसतात.

“तिचे आजोबा शाळेत होते का हो?” मी विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“आबा हेडमास्तर होते,” तो पडेल आवाजात म्हणाला. “हजारभर पोरांच्या तारखा त्यांनी लावल्या असतील. सवयच ती.”

हळूहळू सगळं बाहेर आलं. ठमी बेकरीवालीच्या माहेरी, घरीच झाली. नोंद करू करू म्हणत राहून गेली. इकडं यायचं ठरलं तेव्हा जन्माचा दाखला हवा झाला. आबांनी ओळखीनं काढून आणला आणि आणताना नातीला एक वर्ष दोन महिन्यांनी मोठं करून आणलं. खरी तारीख पुढच्या सालातली, नऊ ऑगस्ट. पोर तेवढी लवकर शिकून मोकळी होईल, हा आबांचा हिशेब. तिकडं त्यानं काही बिघडलंही नसतं. वर्गातली निम्मी पोरं तशीच वर्षानं वाढवलेली, सगळी मिळून लहान, मग कोण मागे नि कोण पुढे. इथं मात्र वर्ग तारखेवरून ठरतो, आणि अख्ख्या वर्गात वाढवलेली एकटी ठमीच.

“म्हणजे ती साडेसहा वर्षांची आहे,” मी म्हटलं. “आणि तुम्ही साडेसहा वर्षांच्या मुलीला मंदगती शाळेत घालायला निघालात.”

“मग काय करू?” त्याचा आवाज चढला. “जाऊन सांगू की कागद खोटा आहे? याच कागदावर तिचा पासपोर्ट, पासपोर्टावर आम्हा तिघांचा परवाना. एक वीट काढली की भिंत खाली. आम्हाला दोन दिवसांत विमानात बसवतील. तिकडं काय ठेवलंय आता? तुमच्या आईंना विचारलं असतं तर त्यापण म्हणाल्या असत्या, गप्प बसा.”

आई काय म्हणाली असती ते मला खरंच माहीत नव्हतं. हे सव्वीस वर्षांत मी तिला विचारलं नव्हतं.

मंगळवारी दुपारी जेवायच्या सुट्टीत बेकरीवाली माझ्या ऑफिसात आली. अंगाला पावाचा वास, केसांत पीठ. स्वागतकक्षातल्या मुलीनं तिला पाणी दिलं होतं, ते तिनं घेतलं नव्हतं. पर्समधून तिनं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक गुलाबी कार्ड काढलं. लसीकरणाचं. वर नर्सच्या अक्षरात बाळाच्या आईचं नाव, वजन दोन किलो सातशे, जन्म नऊ ऑगस्ट, पुढे खरं साल. खाली प्रत्येक डोसाच्या तारखा आणि सह्या.

“हे यांनी फाडून टाकायला सांगितलं होतं,” ती म्हणाली. “मी फाडलं म्हणून सांगितलं.”

“आणि फाडलं नाहीत.”

“कसं फाडू, ताई? त्यावर तिचं वजन आहे.”

ती गेल्यावर मी आईची फोनची वही काढली. ती आता माझ्याच पर्समध्ये असते. त्यात एका वकीलबाईंचा नंबर होता, शेजारी आईच्या अक्षरात ‘लवकर उचलत नाहीत, पण उचलतात’. मी फोन केला. सहाव्या रिंगला उचलला. मी माझी ओळख दिली. त्या आईबद्दल दोन वाक्यं बोलल्या, ती इथं लिहीत नाही. मग मी ठमीची गोष्ट सांगितली, नावं न घेता.

“एक जून ना?” वकीलबाई म्हणाल्या. त्या इथल्याच, आमच्या गावांशी काही संबंध नसलेल्या. “तुमच्या आईंनी हे प्रकरण माझ्याकडे अकरा वेळा आणलंय. पहिल्यांदा मी पण घाबरले होते. तारीख आई-बापांनी लिहिलेली नाही, त्यातून त्यांनी काही लाटलेलं नाही, आणि ते आपणहून सांगताहेत. दुरुस्तीचा अर्ज करायचा. वर्ष लागतं, कधी दीड. लपवून ठेवलं आणि मग सापडलं, तर अवघड. सांगून टाकलं, तर नुसतं कंटाळवाणं. अकरांपैकी एकालाही परत पाठवलेलं नाही. पण सांगायचं त्यांनी स्वतः. तुम्ही त्यांच्या वतीनं बोलू नका. तुमच्या आई कधी बोलायच्या नाहीत.”

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, मी उभी राहून बोलत होते. खाली बसले. अकरा मुलं. आमच्या जेवणाच्या टेबलावर त्यांची गोष्ट कधीच आली नव्हती. का नाही ते कळत होतं, तरी थोडं लागलं.

संध्याकाळी मी लाँड्रीवाल्याला फोन करून वकीलबाई म्हणाल्या ते शब्दाला शब्द सांगितलं. कार्डाबद्दल बोलले नाही, ते सांगणं त्याच्या बायकोचं काम. मागं यंत्राचा आवाज येत होता.

“वकीलबाईंचं काय जातंय,” तो शेवटी म्हणाला. “अकरांचं झालं असेल बरं. बारावा मी निघालो तर?”

मी म्हटलं, “सही केलीत तर ठमी त्या बसमध्ये बसणार, हे मात्र नक्की आहे.”

त्यानं फोन ठेवला.

गुरुवारी मी दहालाच शाळेत पोचले. ती दोघं आधीच येऊन बाकावर बसली होती, मधे एका माणसाची जागा सोडून. त्याच्या शर्टाला अशी इस्त्री की बाह्या कागदाच्या वाटाव्यात.

“ताई, ठरलंय,” तो म्हणाला. “गप्प बसायचं. सही करायची. ती पण शाळाच आहे.”

बेकरीवाली भिंतीवरच्या मुलांच्या चित्रांकडे बघत होती. “ठरलंय यांचं,” ती म्हणाली. “मला कोणी विचारलेलं नाही.”

आत टेबलाच्या पलीकडे मुख्याध्यापिकाबाई, ठमीच्या वर्गाचे तरुण शिक्षक आणि मुलांची तपासणी करणाऱ्या बाई. मला त्यांनी पालकांच्या शेजारी खुर्ची दिली. मी ती हातभर मागे ओढली. आई तशीच बसायची. शब्द अडला तर पुरवायचा, निर्णय पुरवायचा नाही. हे सोपं असेल असं मला वाटायचं. त्या दिवशी बोलायला तोंड उघडू नये म्हणून मी जीभ दातांखाली धरली होती, अगदी खरोखरची.

बोलणं इथल्या भाषेत चाललं होतं. शिक्षक चांगले होते. त्यांनी आधी ठमीचे गुण सांगितले. ती प्रेमळ आहे, फुलपाखरांची नावं पाठ आहेत. मग ती कुठं मागे पडते ते. पेन्सिल घट्ट धरता येत नाही, मैदानावर कोपऱ्यात उभी राहते, दुपारी बाकावर डोकं ठेवून झोपते. तपासनीस बाईंनी एक आलेख पुढं सरकवला. तिरपी जाड रेघ, रेघेभोवती मुलांचे बारीक ठिपके, आणि सगळ्यांच्या खाली एकटा लाल ठिपका.

“ही तुमची मुलगी,” त्या म्हणाल्या.

लाँड्रीवाला त्या ठिपक्याकडे बघत राहिला. मग संमतिपत्र त्याच्यासमोर आलं, पेन आलं. त्यानं पेन उचललं. बेकरीवालीनं डोळे मिटले.

“किती मागे?” त्यानं मोडक्या भाषेत विचारलं. “नक्की किती?”

“तिच्या वयाच्या मुलांच्या मानानं?” तपासनीस बाईंनी कागद चाळला. “भाषा, हात, समज, सगळं धरून... साधारण चौदा महिने.”

तो थांबला. डाव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरू लागला. करंगळी, अनामिका, आपल्याकडं मोजतात तसं. एक जून ते एक जून बारा. एक जुलै, एक ऑगस्ट. चौदा. त्यानं पुन्हा मोजलं. पलीकडच्या तिघांना काय चाललंय ते कळेना. मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

त्यानं पेन ठेवलं.

“बाई,” तो म्हणाला, “तुमची परीक्षा फार चांगली आहे.”

“म्हणजे?”

“चौदाच. बरोबर चौदा. माझ्या वडिलांनी जास्त लिहिले चौदा महिने. मुलगी मागे नाही. मुलगी लहान आहे.” मग त्याला शब्द पुरेनात. तो माझ्याकडे वळून आपल्या भाषेत म्हणाला, “ताई, त्यांना सांगा, कागद खोटा आहे पण आम्ही चोर नाही.” हे वाक्य मी जसंच्या तसं सांगितलं.

मग पर्सची चेन वाजली. बेकरीवालीनं गुलाबी कार्ड टेबलावर ठेवलं आणि तळहातानं सपाट केलं.

लाँड्रीवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. “हे तू फाडलं नव्हतंस?”

“नाही.”

“मला म्हणालीस फाडलं!”

“तुम्ही म्हणालात फाड, मी म्हटलं फाडलं. तुम्हाला झोप लागली ना त्या दिवशी? मग झालं तर.”

“तीन वर्षं! तीन वर्षं मला गंडवतेस!”

“आबांनी अख्ख्या तालुक्याला गंडवलं, ते चालतं.”

“ते काय म्हणताहेत?” मुख्याध्यापिकाबाईंनी मला विचारलं.

“घरगुती आहे,” मी म्हटलं.

तपासनीस बाईंचं मात्र कोणाकडेच लक्ष नव्हतं. त्यांनी कार्ड जवळ ओढलं होतं, तारीख बघितली होती, आणि आलेखावर पेन्सिलीनं काहीतरी मोजत होत्या. लाल ठिपका होता त्याच उंचीवर त्या डावीकडे सरकत गेल्या, महिन्याला एक असे चौदा बारीक चौकोन, आणि तिथं एक गोल काढला. गोल जाड रेघेला जवळजवळ टेकला. इतर ठिपक्यांच्या गर्दीत तो आता चटकन सापडतही नव्हता.

“ही तर अगदी मधोमध आहे,” त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थोडी शरम होती. “मी हिला दोनदा तपासलं. दोनदा.”

वर्गाचे शिक्षक खुर्चीत मागे रेलले आणि त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा चोळला. “म्हणून ती झोपायची,” ते म्हणाले. “देवा. मी तिला खिडकी उघडून जागं करायचो.”

पुढची वीस मिनिटं कागदांची. वकीलबाई दुरुस्तीचा अर्ज करतील, त्याला लागेल तितका वेळ लागू दे. दाखल्यावर कुठलीही तारीख असो, मूल कोणत्या वर्गात बसवायचं ते ठरवायचा अधिकार माझा आहे, असं मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या आणि संमतिपत्र घेऊन त्यांनी त्यावर आडवी रेघ मारली. सोमवारपासून ठमी खालच्या वर्गात.

“खालच्या?” लाँड्रीवाला दचकला. मग मला आपल्या भाषेत, “म्हणजे नापास? ताई, हेडमास्तरांची नात नापास?”

मी ते विचारलं. शिक्षक म्हणाले, नापास कशी, ती तिच्या स्वतःच्या वर्गात जातेय. लाँड्रीवाल्यानं ते दोनदा म्हणायला लावलं. मग त्यानं उठून तिघांशीही हात मिळवला. बेकरीवाली रडत होती, पण डोळे पुसायच्या ऐवजी तिनं टेबलावरचं कार्ड आधी पिशवीत घातलं.

ठमीला त्यांनी त्या दिवशी लवकर सोडलं. बसथांब्यावर तिच्या आईनं तिला सगळं सांगितलं. म्हणजे सांगायचा प्रयत्न केला.

“मी सहा वर्षांची आहे?” ठमीनं विचारलं.

“हो.”

“आणि सात?”

“सात ऑगस्टमध्ये.”

“पण मी सात होऊन गेले ना. केक आणला होता.”

“पुन्हा आणू.”

तिनं यावर विचार केला. “मग मला नाडी नाही आली तरी चालेल?”

“सध्या चालेल,” बेकरीवाली म्हणाली.

लाँड्रीवाल्यानं तोवर आबांना फोन लावला होता. पलीकडचा म्हातारा आवाज इतका खणखणीत की थांब्यावरच्या आणखी दोघांनी वळून पाहिलं.

“आबा, ते वर्ष काढून टाकलं आम्ही.”

“कुठलं वर्ष?”

“तुम्ही ठमीला वाढवलेलं.”

“कोणी ओळखलं?”

“परीक्षेत ओळखलं. कागद न बघता. म्हणाले पोर चौदा महिने मागे आहे.”

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं म्हातारा रागावला.

“चौदा?” आबा म्हणाले. “नेमके चौदा?”

“नेमके.”

“शाळा चांगली आहे,” आबा म्हणाले. “तिथंच ठेव तिला.”

लाँड्रीवाला हसायला लागला आणि त्याला थांबता येईना. फोन कानाला तसाच धरून तो वाकून हसत होता, कडक बाह्या चुरगळत होत्या. ती पण हसायला लागली. त्यांच्याकडे बघून ठमीही हसली, तिच्या दातांच्या खिंडारातून, कशाला ते न कळता.

त्यांची बस आली. ठमी पुढच्या दारानं चढली आणि ड्रायव्हरनं तिकिटासाठी नेहमीच्या सुरात विचारलं, मुलगी किती वर्षांची? लाँड्रीवाल्याचं तोंड सवयीनं उघडलं, आणि तसंच राहिलं. त्यानं ठमीकडे पाहिलं.

“सहा!” ठमी इथल्या भाषेत ओरडली, इतक्या जोरात की मागच्या सीटवरच्या बाईनं मान वर केली.

दार मिटलं. खिडकीतून बेकरीवाली हात हलवत होती, लाँड्रीवाला अजून डोळे पुसत होता. बस वळणावर गेली. माझी बस अकरा मिनिटांनी होती. मी बाकावर बसले, पाय लांब केले, आणि ऊन अंगावर येत होतं ते येऊ दिलं.